सॅक्सोफोन आणि पियानोचे युगलवादन: एकाच ध्वनिमुद्रणावर चार जणांची चार मते का पडतात?

आपला प्रश्न असा आहे. आपल्या श्रवणमंडळात जोशुआ रेडमन (सॅक्सोफोन) आणि ब्रॅड मेल्डाऊ (पियानो) यांच्या ‘निअरनेस’ या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेतील दोन रचना ऐकवल्या गेल्या. पहिली होती चार्ली पार्कर आणि बेनी हॅरिस यांच्या नावावर असलेली वेगवान ‘ऑर्निथॉलॉजी’ आणि दुसरी होगी कार्मायकल यांच्या चालीवरची संथ ‘द निअरनेस ऑफ यू’. तबला शिकणाऱ्या सभासदाला ‘लयच सापडली नाही’. आयुष्यभर ख्याल ऐकलेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी ‘तयारी आहे, पण ही कसरत झाली’ असे म्हटले. कीबोर्ड वाजवणारा तरुण भारावून गेला, आणि संगीताचे कोणतेही शिक्षण नसलेल्या एका बाईंना दुसरी रचना ऐकताना रडू आले. हा फरक शिक्षणाचा की आवडीचा, आणि यातले बरोबर कोण, असे आपण विचारले आहे.

मी टेनर सॅक्सोफोन वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे हा वाद मला नवा नाही. माझ्या मते आपल्या चारही सभासदांनी त्या अर्ध्या तासात चार वेगवेगळ्या गोष्टींचा माग घेतला, आणि ज्याला ज्याचा माग लागला किंवा सुटला, त्यावर त्याचे मत बनले. मात्र म्हणून चारही मते सारख्याच वजनाची आहेत असे मी म्हणणार नाही. त्यातली दोन मते वादनाविषयी कमी आणि ऐकण्याच्या परिस्थितीविषयी अधिक सांगतात, तर एक मत, आणि ते नेमके नापसंतीचे, पुष्कळ गंभीर आहे.

तबल्याच्या विद्यार्थ्याची तक्रार आधी घेतो, कारण तिचे उत्तर स्पष्ट आहे. जॅझच्या नेहमीच्या मांडणीत बास आणि ड्रम्स ही दोन वाद्ये लय उघडपणे दाखवत असतात. बासवादक दर मात्रेला एक स्वर टाकत चालतो आणि ड्रम्सवादक झांजेवर ठेका धरतो. सॅक्सोफोन आणि पियानो यांच्या युगलवादनात ही दोन्ही माणसे नसतात. लय दोन्ही वादकांच्या मनात पक्की असते, पण ती ऐकू येईलच असे नाही. पियानोवादकाचा डावा हात काही वेळा बाससारखा चालतो, काही वेळा केवळ एखादी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेला स्वरसमूह, मात्रेच्या अलीकडे किंवा पलीकडे टाकून गप्प बसतो, आणि काही वेळा उजव्या हाताशी स्वतंत्र संवाद करू लागतो. मेल्डाऊ यांचा डावा हात या तिसऱ्या प्रकारासाठीच ओळखला जातो. तेव्हा तबल्याच्या विद्यार्थ्याला जो ठेका अपेक्षित होता, तो तिथे वाजतच नव्हता. तो ऐकणाऱ्याने स्वतः धरायचा असतो, आणि धरता आला नाही तर पुढचे सगळे केवळ स्वरांचा मारा वाटते.

हा मारा किती असतो, याचा साधा हिशेब करता येतो. मिनिटाला २४० मात्रांची लय धरली, जी या जातीच्या रचनांना असामान्य नाही, आणि प्रत्येक मात्रेत दोन स्वर वाजवले, तर सेकंदाला आठ स्वर होतात. रचनेचे एक आवर्तन, ज्याला जॅझवाले कोरस म्हणतात, ३२ बारांचे, म्हणजे दर बारात चार मात्रा धरून १२८ मात्रांचे असते, आणि या लयीत ते ३२ सेकंदांत संपते. सम कुठे आली हे दाखवणारे कोणी नसताना १२८ मात्रा मनात मोजत राहणे नवख्या श्रोत्याला जवळपास अशक्य असते. सरावलेला श्रोताही त्या मोजत नाही. तो मूळ गाण्याची चाल मनात गुणगुणत राहतो आणि चालीच्या ओळींवरून आपण कुठे आहोत हे ओळखतो. ‘ऑर्निथॉलॉजी’ची स्वतःची चाल वेगळी असली, तरी तिचा पाया म्हणजे कॉर्डचा क्रम ‘हाऊ हाय द मून’ या १९४० सालच्या गाण्याचा आहे. ज्याला ते गाणे ठाऊक आहे त्याच्या हाती नकाशा असतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो त्याच रस्त्यावर डोळे बांधून चाललेला असतो. म्हणून तबल्याच्या विद्यार्थ्याने ‘मला लय कळत नाही’ असे वाटून घेण्याचे कारण नाही. त्याच्या हाती नकाशा दिलाच गेला नव्हता.

आता ज्येष्ठ सभासदांचे मत. त्याचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे करायला हवेत, कारण पहिल्याचे मूळ कानाच्या सवयीत आहे आणि दुसऱ्याचे रसिकतेत.

ख्याल ऐकणाऱ्याच्या कानात तानपुरा असतो, प्रत्यक्ष वाजत नसला तरी असतो. द्रुत तान कितीही गुंतागुंतीची असली तरी तिचा प्रत्येक स्वर एका न हलणाऱ्या षड्जाशी, म्हणजे सा-शी, मोजला जातो, आणि त्यामुळेच तान संपताना ती कुठे पोहोचली हे श्रोत्याला कळते. ‘हाऊ हाय द मून’च्या क्रमात हा आधार काढून घेतलेला असतो. नेहमीच्या पट्टीत धरले तर रचना पांढरी पाचमध्ये (ही नावे हार्मोनियमच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची) सुरू होते, पाचव्या बारापाशी तिचा षड्ज पांढरी चारवर उतरतो आणि नवव्या बारापाशी काळी दोनवर. वर धरलेल्या लयीत पहिल्या आठ-नऊ सेकंदांतच तीन षड्ज होऊन जातात. समजा सॅक्सोफोनवादकाने या सबंध भागात पांढरी पाच हा एकच स्वर धरून ठेवला. तोच स्वर आधी सा असतो, मग शुद्ध रे होतो आणि त्यानंतर शुद्ध ग होतो. स्वर हलला नाही, पण त्याखालची जमीन दोनदा सरकली. मूर्च्छनेचा, म्हणजे दुसऱ्याच स्वराला सा मानण्याचा, प्रयोग ऐकलेल्या रसिकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. फरक एवढाच की तिथे गायक आपल्याला सावकाश त्या नव्या षड्जापर्यंत नेतो, तर इथे ते दर काही सेकंदांनी आणि न सांगता घडते. जॅझमधल्या पुष्कळशा तानांचा हेतूच मुळी ही सरकती जमीन ऐकू यावी, तिच्या सांध्यांवर नेमका स्वर पडावा, हा असतो. जो कान एकच षड्ज धरून बसला आहे, त्याला त्या ताना दिशाहीन वाटणे अगदी स्वाभाविक आहे. इथे चूक ना श्रोत्याची आहे, ना वादकाची.

तथापि ‘कसरत’ हा शब्द त्यांनी केवळ एवढ्यासाठी वापरला असेल असे मला वाटत नाही, आणि त्यामागचा आक्षेप जॅझच्या घरातही जुना आहे. पियानोवादक आर्ट टेटम यांच्याविषयी १९५५ साली ‘डाउन बीट’ या अमेरिकी मासिकात फ्रेंच समीक्षक आंद्रे ओदेर यांनी साधारण हाच मुद्दा उपस्थित केला होता, की इतके अचाट हात असूनही हा वादक ठरावीक गाण्यांवर अलंकार चढवण्यापलीकडे जातो का. आणि पियानोवादक बिली टेलर यांनी त्याला जोरदार उत्तर दिले होते. पाच वर्षांनी, २१ मार्च १९६० रोजी, पॅरिसच्या ऑलिम्पिया सभागृहात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात वाजवणारे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या लांबलचक सोलोंवर (एकट्याने घेतलेल्या फेऱ्यांवर) श्रोत्यांतून शिट्ट्या आणि नापसंतीचे आवाज उठले. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि त्यात शिट्ट्या व टाळ्या एकाच वेळी ऐकू येतात. १९६१ साली ‘डाउन बीट’मध्येच समीक्षक जॉन टायनन यांनी कोल्ट्रेन आणि त्यांचे सहवादक एरिक डॉल्फी यांच्या वादनाला ‘जॅझविरोधी’ ठरवले, आणि पुढच्या वर्षी त्या दोघांनी त्याच मासिकात आपली बाजू मांडली. कोल्ट्रेन यांच्या बाबतीत काळाने निकाल दिला आहे असे म्हणता येते. टेटम यांच्या बाबतीतला वाद मात्र अजूनही जाणकारांत सुटलेला नाही, आणि तो सुटावा असा माझाही आग्रह नाही.

मग युगलवादनात कसरत आणि वादन यांतला फरक ओळखायचा कसा? माझी कसोटी वेगाशी संबंधित नाही. सॅक्सोफोनवादक श्वास घ्यायला थांबतो तेव्हा पियानोवादक काय करतो आणि सॅक्सोफोनवादक पुन्हा शिरतो तेव्हा मधल्या काळात घडलेल्या गोष्टीची दखल घेतो की नाही, एवढेच मी ऐकतो. श्वास ही सॅक्सोफोनची सक्ती आहे. चक्राकार श्वसन करणारे, म्हणजे फुंकर न थांबवता नाकाने श्वास घेणारे, वादक आहेत, पण बहुतेकांची वाक्ये फुप्फुसे ठरवतात. पियानोला ती सक्ती नाही, दहा बोटे न थांबता चालू शकतात. या असमानतेमुळे पियानोवादकाला प्रत्येक मोकळी जागा भरून काढण्याचा मोह होतो, आणि तो आवरला नाही की दोघे एकाच खोलीत बसून दोन स्वतंत्र मैफली करत आहेत असे वाटू लागते. याउलट चांगल्या क्षणी सॅक्सोफोनने वाक्याच्या शेवटी टाकलेला एखादा तीन-चार स्वरांचा तुकडा पियानो उचलतो, तो उलटा करतो किंवा अर्ध्या मात्रेने सरकवतो, आणि सॅक्सोफोन पुढचे वाक्य त्या बदललेल्या तुकड्यापासून सुरू करतो. हे द्रुत लयीत घडले तर ते ऐकायला सवय लागते, पण ते घडते आहे की नाही यावरच माझा निकाल ठरतो. घोटून तयार केलेले तुकडे, ज्यांना वादकांच्या बोलीत ‘लिक’ म्हणतात, जागा मिळेल तिथे लावत जाणे हे बाहेरून तसेच दिसते. फक्त समोरच्याने काहीही वाजवले असते तरी ते तसेच आले असते.

या कसोटीवर मला ‘ऑर्निथॉलॉजी’ बरीचशी उत्तीर्ण वाटते. रेडमन आणि मेल्डाऊ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून एकमेकांना ओळखतात, १९९४ सालच्या रेडमन यांच्या चौकडीत मेल्डाऊ होते, आणि हे ध्वनिमुद्रण २०११ सालच्या युरोपातील प्रत्यक्ष मैफलींचे आहे. सरावाने आलेला विश्वास त्यात जागोजाग दिसतो. पण सबंध ध्वनिमुद्रिकेत सहाच रचना आहेत, यावरून प्रत्येक रचना किती पसरली आहे याची कल्पना येईल, आणि त्या पसाऱ्यात काही ठिकाणी दोघेही थांबायला तयार नाहीत असे मलाही वाटते. आपल्या ज्येष्ठ सभासदांना ठहराव हवा होता. ती मागणी परक्या संगीतावर लादलेली नाही. आर्ट टेटम आणि टेनरवादक बेन वेबस्टर यांचे १९५६ सालचे ध्वनिमुद्रण त्यांना जरूर ऐकवा. ते युगलवादन नव्हे, सोबत बास आणि ड्रम्स आहेत, पण टेटम स्वरांचे झोत सोडत असताना वेबस्टर मोजके, रुंद, श्वासाने भरलेले स्वर लावून त्यांच्यावरून सरळ चालत जातात, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासारखे वागण्याचा प्रयत्न करत नाही. ठहराव आणि गती एकाच वेळी ऐकण्याची अशी संधी फार थोड्या ठिकाणी मिळते.

कीबोर्डवादक तरुणाविषयी थोडक्यात सांगतो. वाजवणारे लोक बोटांनी ऐकतात. जी जागा आपल्याला जमत नाही ती दुसऱ्याने लीलया घेतली की छाती भरून येते, आणि त्या भरात रचना बाजूला राहते. मी स्वतः सॅक्सोफोनच्या बाबतीत असाच ऐकतो, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात पियानोचा अर्धा भाग माझ्याकडून निसटतो. त्यातही वादक प्रत्यक्ष दिसत असले तर परिणाम आणखी वाढतो. संशोधक चिया-जुंग त्साय यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अभिजात पियानो स्पर्धांचे विजेते ओळखायला सांगितले, तेव्हा नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा आवाज बंद करून नुसते चित्रीकरण पाहणाऱ्यांनी ते अधिक अचूक ओळखले, आणि यात व्यावसायिक संगीतकारही अपवाद ठरले नाहीत. आपण मंडळात नुसते ध्वनिमुद्रण ऐकवले की पडद्यावर चित्रफीत दाखवली, हे आपण लिहिलेले नाही, पण त्यानेही मतांत फरक पडतो.

आणि साधन कोणते होते? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तसा नाही. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून पियानोचे खर्जातले स्वर जवळपास नाहीसे होतात. बास नसलेल्या युगलवादनात लय आणि षड्ज या दोन्हींचा पत्ता देणारा डावा हात नेमका त्याच भागात असतो. तो गेला की उरतो फक्त सॅक्सोफोन आणि पियानोचा उजवा हात, म्हणजे दोन्ही बाजूंनी तानाच ताना. ‘लय सापडली नाही’ या तक्रारीचा निम्मा भाग पुष्कळदा चांगले हेडफोन लावल्यावर मिटतो.

रडू आलेल्या बाईंचे मत मंडळात बहुधा ‘भावुक’ म्हणून बाजूला सारले गेले असेल. माझ्या मते सॅक्सोफोनच्या दृष्टीने सर्वांत अचूक ऐकणे त्यांचेच होते. पियानोचा स्वर एकदा वाजला की तो विरतच जातो आणि वाकवता येत नाही. सॅक्सोफोनचा स्वर मात्र लागल्यानंतरही वाढतो, कापतो, किंचित खाली झुकून वर येतो, त्यात हवा मिसळते. मानवी गळ्याच्या या सगळ्या खुणा संथ लयीत उघड्या पडतात, आणि त्या ओळखायला कोरस मोजावा लागत नाही. चाल ओळखीची आणि सावकाश असल्यामुळे त्यांच्यापुढे नकाशाची अडचणच आली नाही. द्रुत रचनेबद्दल त्यांनी काय म्हटले हे आपण कळवले नाही. ती त्यांना नुसती गोंगाटाची वाटली असेल तर मला नवल वाटणार नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. श्रोत्याला वादकाची कहाणी आधी सांगितली की कान बदलतात. टेनरवादक स्टॅन गेट्झ आणि पियानोवादक केनी बॅरन यांचे ‘पीपल टाइम’ हे युगलवादन मार्च १९९१मध्ये कोपनहेगनच्या मोंमार्त्र क्लबमध्ये ध्वनिमुद्रित झाले. गेट्झ तेव्हा यकृताच्या कर्करोगाने आजारी होते आणि तीन महिन्यांनी, ६ जून १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. हे आधी सांगून त्यातले बासवादक चार्ली हेडन यांनी रचलेले ‘फर्स्ट साँग’ ऐकवले की खोलीत कोणी बोलत नाही. न सांगता त्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘द सरे विथ द फ्रिंज ऑन टॉप’सारखी उडती रचना ऐकवली, तर हा माणूस आजारी असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. माझ्या लेखी ही ध्वनिमुद्रिका या प्रकारातली सर्वोत्तम आहे, आणि ते मी गेट्झ यांच्या मृत्यूमुळे म्हणत नाही. बॅरन ज्या तऱ्हेने त्यांच्या वाक्यांसाठी जागा सोडतात आणि तरीही लय एका क्षणासाठीही सैल पडू देत नाहीत, त्यामुळे म्हणतो. मंडळात ऐकवायची असेल तर कहाणी नंतर सांगावी.

‘निष्णात’ म्हणजे वेगवान, हे समीकरणही एकदा तपासून पाहावे. आर्ची शेप (सॅक्सोफोन) आणि होरेस पार्लन (पियानो) यांनी १९७७ साली कोपनहेगनमध्येच ‘गोइंग होम’ ही आफ्रिकी-अमेरिकी भक्तिगीतांची ध्वनिमुद्रिका केली. पार्लन यांचा उजवा हात लहानपणीच्या पोलिओमुळे अंशतः निकामी होता. त्यांनी डाव्या हातावर भार टाकून आणि उजव्या हाताच्या मोजक्या बोटांनी आपली स्वतंत्र शैली घडवली. शेप यांचा स्वर खरखरीत आहे आणि कधी कधी तो स्वरस्थानाच्या कडेला जाऊन बसतो. ही ध्वनिमुद्रिका ऐकवली की मतांची वाटणी बहुधा उलटी होते. वेगावर भाळलेले तरुण कंटाळतात, ज्येष्ठ मंडळी सरसावून बसतात, आणि सुराबाबत काटेकोर असलेला एखादा रसिक शेप बेसूर आहेत म्हणून उठून जातो. या रसिकाशी मी वाद घालत नाही, पण भजनात आर्त झालेला गळा तो कोणत्या मापाने मोजतो, हे त्याला विचारतो.

भारतीय श्रोत्यांच्या बाबतीत आणखी एक गुंता होतो. रुद्रेश महंतप्पा (आल्टो सॅक्सोफोन) आणि विजय अय्यर (पियानो) या भारतीय वंशाच्या अमेरिकन वादकांची ‘रॉ मटेरियल्स’ ही २००६ सालची युगलवादनाची ध्वनिमुद्रिका आहे. नावे वाचूनच आपले लोक राग शोधू लागतात, तो मिळाला नाही की निराश होतात, आणि लयीच्या मांडणीत जे खरोखर विलक्षण काम आहे ते निसटून जाते. आपल्या तबल्याच्या विद्यार्थ्याला मात्र ती आवडेल अशी माझी अटकळ आहे.

पुढच्या बैठकीसाठी सुचवायचे तर, ‘ऑर्निथॉलॉजी’ पुन्हा ऐकवण्याआधी एला फिट्झजेराल्ड यांनी १९६० साली बर्लिनच्या मैफलीत गायलेले ‘हाऊ हाय द मून’ ऐकवा. त्यात आधी शब्दांसह चाल येते आणि मग एला निरर्थक अक्षरांनी जी लांब आवर्तने गातात, त्यांत ‘ऑर्निथॉलॉजी’ची चालही येऊन जाते. सभासदांनी मूळ चाल दोन-चारदा गुणगुणून घ्यावी आणि मग युगलवादन लावल्यावर ती मनात चालू ठेवून, दर मात्रेला नव्हे तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हलकी टाळी द्यावी. काही जण पहिल्या आवर्तनातच हरवतील. त्यांनी थांबावे आणि पुढच्या आवर्तनाच्या सुरुवातीला, जिथे डावा हात बहुधा मूळ पट्टीकडे परतल्याची खूण देतो, तिथे पुन्हा शिरावे. एवढे केल्यावरही ज्येष्ठ सभासद ‘कसरत’च म्हणाले, तर त्यांना ध्वनिमुद्रण मध्ये थांबवून नेमकी कोणती जागा खटकली ते दाखवायला सांगा आणि कीबोर्डवादक तरुणाला तीच जागा दोनदा ऐकायला लावा.